सुट्ट्यांचा हंगाम, भेटवस्तू आणि प्रवास : भार नेमका कुठे पडतो?

पायवाट

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यावरणाची काळजी घेत सण कसा साजरा करावा, याच्या याद्या सगळीकडे फिरायला लागतात. चकचकीत कागद नको, कापडी पिशवी घ्या, हॉटेलातला टॉवेल रोज धुवायला टाकू नका. यातलं चुकीचं काहीच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या याद्यांत सगळ्या गोष्टी एकाच मापाच्या असल्यासारख्या रांगेत मांडलेल्या असतात, आणि वाचणारा त्यातली सगळ्यात सोपी उचलतो. भेटीवरचा कागद वाचवला की मनाला बरं वाटतं, आणि विमानाचं तिकीट काढताना विचार करायचा राहून जातो. या दोन्हींच्या भारात हजारो पटींचा फरक आहे.

आधी प्रवासाचं बोलू. २०१८ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात पर्यटनाचा सगळा हिशेब मांडणारा एक अभ्यास आला होता. नुसतं जाणं-येणं नाही, राहणं, खाणं, खरेदी असं सगळं धरून. जगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के पर्यटनातून येतात, असं त्यात निघालं. विमानांचा कार्बन डायऑक्साइडमधला वाटा साधारण अडीच टक्के आहे. तो ऐकायला कमी वाटतो. पण उंचावर नायट्रोजनची ऑक्साइडं आणि विमानामागे राहणारे पांढरे पट्टेही उष्णता अडवतात. तेही धरले तर माणसामुळे होणाऱ्या तापमानवाढीतला विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या घरात जातो. आणि हा भार सगळ्यांनी मिळून टाकलेला नाही. २०१८ मध्ये जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनातला निम्मा वाटा फक्त एक टक्का लोकांचा होता. हा धागा वाचणाऱ्यांतले बरेच जण त्या ११ टक्क्यांत मोडत असतील. मीही मोडते.

आता भेटवस्तू. वस्तूचा भार मुख्यतः ती तयार होतानाच पडून गेलेला असतो. स्मार्टफोनचं उदाहरण घ्या. त्याच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला बहुतांश वाटा तो आपल्या हातात येण्याआधीचा, खाणकामाचा आणि कारखान्यातला असतो. किलोभर सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. ही वस्तू वापरली गेली तर त्या पाण्याचं काहीतरी चीज झालं. कपाटात पडून राहिली तर सगळंच वाया.

आणि पडून बऱ्याच राहतात. १९९३ साली येल विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी विद्यार्थ्यांना त्यांना मिळालेल्या भेटींबद्दल विचारलं होतं. भावनिक मोल बाजूला ठेवून या वस्तूची तुमच्या लेखी किंमत किती? उत्तरं खऱ्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी आली. त्यांनी तो तोटा पैशात मोजला. मला त्यात खाणी, धरणं आणि कारखाने दिसतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नको असलेली वस्तू देऊ नये आणि टाळता येण्याजोगं उड्डाण टाळावं. बाकी सगळं यानंतर. तुम्ही आपापल्या घरी काय करता, कुठे अडता, नातेवाइकांशी कसं बोलता, ते सविस्तर लिहा. मतभेदही लिहा.

हिशेबनीस

धागा आवडला. आकड्यांची थोडी भर घालतो.

ब्रिटनचं सरकार दरवर्षी प्रवासाच्या उत्सर्जनाचे आकडे प्रसिद्ध करतं. देशांतर्गत विमान, एका प्रवाशामागे दर किलोमीटरला २५० ग्रॅमच्या आसपास, उंचावरचे परिणाम धरून. एकट्याने चालवलेली पेट्रोल मोटार १७० ग्रॅमच्या आसपास. रेल्वे ३५ ते ४०. लांब पल्ल्याची बस त्याहूनही कमी, ३० च्या आत. देशोदेशी वीज कशातून बनते, गाडी किती भरलेली असते, यावर हे बदलतं, पण क्रम सहसा बदलत नाही.

यात एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. मोटारीचा आकडा गाडीचा आहे, माणसाचा नाही. त्याच मोटारीत चौघे बसले तर माणशी ४०-४५ ग्रॅम होतात, म्हणजे जवळजवळ रेल्वेइतके. सुट्टीला निघालेलं भरलेलं कुटुंब आणि एकटा चालक यांना एकाच तराजूत घालू नये. मात्र टपावर सामानाची मोठी पेटी बांधलीत तर वाऱ्याचा अडथळा वाढतो. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक माहितीनुसार महामार्गावर भरधाव जाताना तेवढ्याच इंधनात कापलं जाणारं अंतर त्याने १० ते २५ टक्क्यांपर्यंत घटू शकतं. सामान आतच मावत असेल तर टप मोकळा ठेवा, आणि निघण्याआधी चाकांतली हवा तपासा.

विमानाने जावंच लागलं तर थेट उड्डाण घ्या. उड्डाण आणि चढण यातच इंधन जास्त जळतं, त्यामुळे टप्पे वाढले की भार वाढतो, शिवाय वळसा पडतो तो वेगळाच. आणि साधा वर्ग. पुढच्या मोठ्या खुर्च्या विमानाची जास्त जागा अडवतात. तेवढ्याच जागेत साध्या वर्गाचे दोन-तीन प्रवासी बसले असते.

कोरांटी

वाचतेय आणि थोडं अस्वस्थ वाटतंय. माझे आईवडील समुद्रापलीकडे राहतात. तिथे रेल्वेही जात नाही आणि बसही. वर्षातून एकदाच सगळ्यांना सुट्टी मिळते. आईचं वय वाढत चाललंय. अशा वेळी 'टाळता येण्याजोगं उड्डाण' म्हणजे नेमकं काय? मला हे चिडून विचारायचं नाहीये, खरंच विचारतेय.

पायवाट

कोरांटी, आईला भेटायला जाणं मी टाळण्याजोग्यात धरतच नाही. तुम्ही जा, आणि मनात बोचणी न ठेवता जा.

टाळता येण्याजोगं म्हणजे जिथे दुसरी वाट होती ते. रेल्वेने काही तासांत पोचता येतं तिथे विमानाने जाणं. चार दिवसांच्या मौजेसाठी खंड ओलांडणं. फ्रान्सने २०२३ पासून असा नियमच लागू केला, की अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येत असेल तर त्या मार्गावर देशांतर्गत विमानसेवा नको. प्रत्यक्षात तीनच मार्ग बंद झाले, त्यामुळे बऱ्याच जणांनी त्यावर टीका केली आणि ती रास्तही आहे. पण कुठे रेघ ओढायची याचा एक नमुना त्यातून मिळाला.

तुमच्यासारख्यांसाठी माझं सुचवणं एकच. फेऱ्या जोडा आणि मुक्काम वाढवा. भार जाण्यायेण्याचा असतो, राहण्याचा फार कमी. दोनदा धावतपळत जाण्यापेक्षा एकदा जाऊन, जमल्यास तिथून थोडं काम करत जास्त दिवस राहणं आईलाही हवंच असेल.

कोरांटी

हे पटलं. कामाच्या ठिकाणी विचारून बघते, तिथून काम करू देतात का. धन्यवाद ताई.

दूरदेशी

मी कामानिमित्त बराच फिरतो, म्हणून विचारतो. तिकीट काढताना 'थोडे जास्त पैसे भरा, आम्ही झाडं लावू' असा पर्याय येतो. तो घेतला की प्रश्न मिटत नाही का? काहीच न करण्यापेक्षा ते बरंच की. शिवाय आता विमानांचं हिरवं इंधनही येतंय म्हणतात, खनिज तेलाऐवजी टाकाऊ तेल वगैरेंपासून बनवलेलं.

हिशेबनीस

दूरदेशी, झाडं लावायला माझा विरोध नाही. पण हिशेब बघा. जगभरच्या प्रवासी विमानांची सरासरी धरली तर दर किलोमीटरला प्रवाशामागे सुमारे ९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि यात उंचावरचे बाकीचे परिणाम धरलेले नाहीत. जाऊन-येऊन १०,००० किलोमीटरचा प्रवास म्हणजे ९०० किलो. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो शोषतं असं धरलं, तर त्या एका प्रवासासाठी एका झाडाची ४५ वर्षं लागतात. तीही ते जगलं, तोडलं गेलं नाही, वणव्यात जळलं नाही तर. वायू मात्र आज एका दिवसात बाहेर पडलेला असतो.

दुसरं, बरेचसे पैसे नवी झाडं लावण्याकडे जातच नाहीत. ते 'हे उभं जंगल तुटलं असतं, ते आम्ही वाचवलं' अशा दाव्यांकडे जातात. २०२३ साली 'सायन्स' नियतकालिकात सहा देशांतल्या २६ ठिकाणच्या अशा प्रकल्पांचा अभ्यास आला. बहुतेक ठिकाणी जंगलतोड म्हणण्यासारखी कमी झालेलीच नव्हती. ज्या मोजक्या ठिकाणी झाली, तिथेही दाव्यापेक्षा बरीच कमी.

हिरव्या इंधनाचं म्हणाल तर २०२४ मध्ये जगात विमानांनी वापरलेल्या इंधनात त्याचा वाटा ०.३ टक्क्यांच्या आसपास होता. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के आणि २०३० पर्यंत ६ टक्के सक्तीचे केले आहेत. चांगलं आहे, पण यंदाच्या सुट्टीत तुमचं विमान उडणार ते खनिज तेलावरच.

दूरदेशी

मग पैसे भरूच नयेत?

हिशेबनीस

भरावेत, पण 'माफी मिळाली' म्हणून नाही. जो प्रकल्प तुम्ही जाऊन पाहू शकता, जिथे रोपं दोन-तीन पावसाळे जगवली जातात, जिथे त्या भागातलीच झाडं लावतात आणि गवताळ माळावर उगाच जंगल उभं करत नाहीत, अशा कामाला देणगी म्हणून द्या. देणगी देणगीच्या जागी, आणि उड्डाणांची संख्या उड्डाणांच्या जागी. एकातून दुसरं वजा करू नका.

बोरू

मूळ धाग्यातल्या 'कापडी पिशवी' या मुद्द्यावर थोडं. सुट्ट्यांत भेट म्हणून, भेटीचं वेष्टन म्हणून, कार्यक्रमाची आठवण म्हणून नव्या कोऱ्या सुती पिशव्या वाटायची पद्धत फार वाढली आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली पिशव्यांचा अभ्यास केला होता. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या दृष्टीने ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष लावले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा, कारण त्याला जमीन जास्त लागते.

शिवणटिपण

बोरू, हा आकडा मी बऱ्याच ठिकाणी वाचलाय आणि तो अर्धाच सांगितला जातो. त्या अभ्यासात उघड्यावर फेकल्या जाणाऱ्या पिशव्यांचा, म्हणजे गटारं तुंबणं, जनावरांच्या पोटात जाणं, समुद्रात पोचणं, याचा हिशेबच नव्हता. आणि ७,१०० हा आकडा एकाच, सगळ्यात वाईट निकषावरून आला आहे. रोजच्या बाजारहाटाला पिशवी नेणाऱ्या माणसाला ५२ वेळा म्हणजे एक वर्षही लागत नाही.

पण तुमचा मूळ मुद्दा मान्य. ज्या घरात आधीच पिशव्यांची चळत आहे, तिथे आणखी एक नवी देऊ नये. मी शिवणकाम करते, म्हणून माझा उपाय जुन्या कापडाचा. विटलेल्या चादरीचा न विटलेला भाग, कुर्त्याचा घेर, पडद्याची किनार. यातून चौकोन कापायचा, कडा दुमडून शिलाई मारायची, झाली भेट बांधायची गाठोडी. चिकटपट्टी लागत नाही. घेणाऱ्याला आधीच सांगायचं, की कापड परत दे किंवा पुढच्या कुणाला तरी बांधून दे. आमच्या नात्यात तेच कापड फिरत राहतं आणि कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही.

कागदच वापरायचा असेल तर मुठीत चुरगाळून बघा. चुरगाळलेला राहिला तर तो निव्वळ कागद, पुन्हा लगद्यात जाऊ शकतो. उलगडून पूर्वीसारखा झाला तर त्यावर प्लॅस्टिकचा किंवा धातूचा थर आहे, तो रद्दीत घालू नका. आणि चमकी कुठेच नको. ते सरळसरळ प्लॅस्टिकचे कण असतात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीची विक्री थांबवली आहे.

जलरंग

+१. चमकीच्या मुद्द्याला विशेष. ती एकदा घरात आली की महिनोनमहिने जात नाही, मग पाण्यातून कुठवर जात असेल.

मोरपंखी

फुलांबद्दल कुणी बोललं नाही अजून. 'वस्तू नको, फुलं द्या' असा सल्ला सर्रास दिला जातो. पण फुलांचंही नीट बघायला हवं, आणि इथे 'लांबून आलं म्हणजे वाईट' हा ठोकताळा चालत नाही. २००७ साली क्रॅनफिल्ड विद्यापीठाने केनियातून विमानाने ब्रिटनला येणारे गुलाब आणि नेदरलँड्सच्या हरितगृहांतले गुलाब यांची तुलना केली. विमानप्रवास धरूनही केनियाच्या गुलाबांचं उत्सर्जन पाचपटींहून कमी भरलं. कारण थंड प्रदेशात हरितगृह गरम ठेवायला आणि दिवे लावायला प्रचंड ऊर्जा लागते. म्हणून केनियाची फुलं निर्दोष आहेत असंही नाही. तिथल्या नैवाशा सरोवराचं पाणी फुलशेतीने किती ओढलं आणि किती बिघडवलं, यावर बरीच वर्षं वाद चालू आहे.

यातून मी घेतलेला बोध असा, की फुलं उघड्या रानातली आणि त्या ऋतूत आपोआप येणारी असावीत. आणि रचना करताना खाली तो हिरवा ओला स्पंज लावू देऊ नका. तो प्लॅस्टिकचाच फेस असतो, हातात चुरतो आणि त्याचे कण पाण्यात जातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली. पाण्याचं पसरट भांडं आणि त्यात जाळी किंवा काटक्यांची बैठक, एवढ्यावर उत्तम रचना होते.

तळ्याकाठी

मी प्राण्यांसाठी काम करते, त्यामुळे हा मुद्दा मला लिहायलाच हवा. कृपा करून जिवंत प्राणी भेट देऊ नका. सुट्ट्या संपल्या की सोडून दिलेली पिल्लं आमच्याकडे येऊ लागतात.

कासवांचं तर वेगळंच दुखणं आहे. कानाजवळ लाल पट्टा असलेलं नाण्याएवढं कासव मुलांसाठी म्हणून विकलं जातं. मूळचं अमेरिकेतलं. ते ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, पाणी घाण करतं. मग एके दिवशी घरचे लोक दयाबुद्धीने ते जवळच्या तळ्यात सोडतात. तिथे ते स्थानिक कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. एक गोड वाटणारी भेट एका तळ्याचं कायमचं नुकसान करू शकते.

मोरपंखी

तळ्याकाठी, असं कासव घरात आधीच असेल तर काय करायचं?

तळ्याकाठी

तळ्यात, नदीत, देवळाच्या कुंडात, कुठेही सोडायचं नाही. जवळच्या प्राणी बचाव संस्थेला किंवा वनखात्याला फोन करून विचारा. त्यांनी घेतलं नाही तर मोठ्या टाकीत नीट सांभाळा. जबाबदारी लांब पल्ल्याची आहे, पण त्या जीवाचा त्यात दोष नाही.

सागरगोटा

याच ओघात प्रवासातून आणायच्या आठवणींबद्दल. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांत प्रवाळ, मोठे शंख, समुद्रघोडे, कासवाच्या पाठीचे दागिने मांडलेले असतात. विकत मिळतंय म्हणजे कायदेशीर आहे, असं गृहीत धरू नका. धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइटिस करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू आहे. समुद्री कासवाच्या सातही जाती त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहेत. टणक प्रवाळ, समुद्रघोडे आणि महाकाय शिंपले दुसऱ्या यादीत, म्हणजे परवानगीच्या कागदांशिवाय ते सहसा देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर जप्ती होते, दंडही होतो. शाहतूश शालीचंही तसंच. ती चिरू नावाच्या तिबेटी हरणाच्या लोकरीची, आणि ती लोकर मिळवण्यासाठी जनावर मारलंच जातं.

भेट द्यायचीच तर तिथल्या माणसाने तिथे बनवलेली, वापरात येईल अशी वस्तू घ्या. बनवणाऱ्याशी दोन शब्द बोलून घ्या. मग वस्तूबरोबर सांगायला काहीतरी असतं.

चाकोरी

प्रवासाच्या साधनावर इतकं बोलणं झालं, पण कुठे आणि केव्हा जातो तेही तितकंच महत्त्वाचं नाही का? सुट्टीत सगळे एकाच ठिकाणी लोटतात. थायलंडची माया बे नावाची खाडी रोज येणाऱ्या हजारो लोकांनी आणि बोटींच्या नांगरांनी इतकी खराब झाली, की २०१८ च्या जूनमध्ये ती बंद करावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये उघडली. मधल्या काळात तिथे प्रवाळ पुन्हा लावले गेले आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क परत आले. आता बोटी खाडीत येऊ देत नाहीत. फिलिपिन्सचं बोराकाय बेट त्याच वर्षी सहा महिने बंद होतं, कारण सांडपाणी सरळ समुद्रात जात होतं. पलाऊ या छोट्या देशाने २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवून त्यावर सही घ्यायला सुरुवात केली, की मी इथल्या निसर्गाला इजा करणार नाही.

हंगाम टाळून गेलं, कमी नावाजलेल्या ठिकाणी गेलं, तर ते ठिकाणही श्वास घेतं आणि आपल्यालाही ते नीट बघता येतं. पाण्याची टंचाई असलेल्या जागी हॉटेलातला पोहण्याचा तलाव आणि रोजचे धुतलेले टॉवेल हा खरंच मोठा भार असतो. पायवाट, तुम्ही टॉवेलला पहिल्याच परिच्छेदात बाजूला केलंत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पायवाट

चाकोरी, मान्य. हवेच्या हिशेबात टॉवेल किरकोळ, पण जिथे गावाला टँकरने पाणी येतं आणि हॉटेलाला नळ असतो, तिथे तो किरकोळ राहत नाही. मी फक्त उत्सर्जनाच्या तराजूने बोलत होते. पाणी, प्राणी, कचरा यांचे तराजू वेगळे, हे या धाग्यात नीट पुढे आलं.

जलरंग

माझी अडचण आकड्यांची नाहीच. मला सगळं पटतं. पण सासरी-माहेरी हे बोलायचं कसं? मुलांना इतकी खेळणी मिळतात, की पहिल्या तासात दोन उघडली जातात आणि उरलेली तशीच पडतात. बॅटरीवरची खेळणी तर महिनाभरात बंद. 'आणू नका' म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. मागच्या खेपेला माझी मावशी दुखावली होती.

अंगणवेल

जलरंग, आमच्याकडे हे जमलंय, म्हणून लिहिते. दोन गोष्टी उपयोगी पडल्या.

एक म्हणजे वेळ. लोकांची खरेदी होऊन गेल्यावर बोललं तर ते नाकारल्यासारखं होतं. दीड-दोन महिने आधी, गप्पांच्या ओघात बोललं तर ती विनंती वाटते. दुसरं म्हणजे 'काय नको' याऐवजी 'काय हवं' ते सांगायचं. मी माझ्या मोठ्या दिरांना सांगितलं, 'भाऊजी, पोराला सायकल दुरुस्त करायला शिकायचंय, तुमच्याकडे एक सकाळ पाठवू का?' त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःची हत्यारांची पेटी साफ करून ठेवली. आत्याला सांगितलं, की मुलीला तुझ्याबरोबर पोहायला जायचंय. ज्यांना वस्तूच द्यायची असते, त्यांच्यासाठी एक सामायिक यादी ठेवते. सगळ्यांनी मिळून एकच मोठी, टिकाऊ गोष्ट घ्यायची, आणि ती चांगल्या स्थितीतली वापरलेली असली तरी चालेल, हे यादीत वरच लिहिलेलं असतं. कुणीतरी आधी उघडपणे 'वापरलेली चालेल' म्हणावं लागतं, नाहीतर देणाऱ्याला संकोच होतो.

मोठ्यांच्या बाबतीत आम्ही चिठ्ठ्या टाकतो. प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची. सगळ्यांनी सगळ्यांना दिलेल्या किरकोळ वस्तूंच्या ढिगाऐवजी प्रत्येकाला एकच, नीट विचार केलेली वस्तू मिळते.

जुनी_पेटी

मी आजोबा आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. तुमचं सगळं वाचलं, आणि पटलंही. पण नातवंडं वर्षातून एकदा येतात, तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी ठेवावंसं वाटतं. ते 'अनुभव द्या, वेळ द्या' ठीक आहे. माझे गुडघे आता मला त्यांच्यामागे पळू देत नाहीत. रिकाम्या हातांनी त्यांना जवळ घ्यायचं मला जड जातं. हेही समजून घ्या.

अंगणवेल

काका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. रिकाम्या हातांनी कुणीच भेटू नये. तुमच्या घरात तुमच्या वापरातलं असं काही असेलच, जे मुलांच्या हाती शोभेल. भिंग, दुर्बीण, तिकिटांचा संग्रह, चांगल्या पोलादाची कात्री, बुद्धिबळाचा पट. ते पुसून, दुरुस्त करून, एकेका वर्षी एकेक द्या. त्यासाठी काहीही नवं बनवावं लागत नाही, आणि ते 'आजोबांचं' असतं. माझ्याकडे माझ्या आजोबांचा लाकडी फूटपट्टीचा संच आहे. मी तो रोज वापरते.

जुनी_पेटी

दुर्बीण आहे. एका बाजूची काच सैल झाली आहे. बसवून घेतो.

जलरंग

काका, माझ्या मुलांना असे आजोबा मिळावेत.

मावशीला आजच फोन करते. तिला पेटी वाजवता येते, आणि माझा मुलगा सारखा कुठल्यातरी वाद्यासाठी मागे लागलेला असतो. सरळ विचारते, 'मावशी, याला सुट्टीत शिकवशील का?'

पाऊलखुणा

घरपोच मागवण्याबद्दल एक टीप. एकेक वस्तू वेगवेगळ्या दिवशी, 'आजच्या आज' हवी म्हणून मागवू नका. गाड्या अर्ध्या रिकाम्या धावतात. सगळं एकदम, सावकाश पोचेल असं मागवा. आणि मापाचा अंदाज नसेल तर कपडे मागवूच नका. तीन मापं मागवून दोन परत करायची सवय वाईट आहे. परत गेलेली वस्तू पुन्हा विकली जातेच असं नाही. न विकलेला माल नष्ट केला जाऊ नये म्हणून फ्रान्सला २०२० मध्ये कायदा करावा लागला, आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये कपड्या-चपलांपुरती तशी बंदी मंजूर केली. यावरून काय चालतं ते समजा.

दूरदेशी

माझा शेवटचा प्रश्न हिशेबनीसांना. पुतणीला फोन द्यायचा आहे, तिला त्याची खरोखर गरज आहे. इथलं सगळं वाचून वापरलेला घ्यायचा विचार करतोय. काय बघावं? आणि माझे जुने दोन फोन खणात आहेत, त्यांचं काय करू?

हिशेबनीस

वापरलेला घेताना तीन गोष्टी बघा. कंपनी त्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट अजून किती वर्षं देणार आहे, ते आधी. फोन धडधाकट असूनही अपडेट थांबले म्हणून टाकावा लागतो. मग बॅटरीची उरलेली क्षमता. ती खालावली असेल तर नवी बसवून मगच द्या, तोही खर्च धरा. आणि पडदा-बॅटरी तुमच्या शहरात बदलून मिळते का, ते दुरुस्तीवाल्याला विचारून ठेवा.

खणातल्या फोनचं लवकर काहीतरी करा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंद होऊन नीट पुनर्वापरात गेलेला फक्त २२.३ टक्के. चालू असलेला फोन तुमच्या ओळखीत कुणाला लागत असेल तर आत्ताच द्या. वर्षभर खणात राहिला तर बॅटरी उतरून मरते आणि अपडेटही संपतात. बंद पडलेला अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, भंगारात नको. फुगलेली बॅटरी असेल तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, आणि केंद्राला आधी कळवा.

देण्याआधी माहिती पुसाच, पण फोनमधल्या खात्यातून बाहेर पडायलाही विसरू नका. ते कुलूप राहिलं तर पुढच्या माणसाला फोन उघडताच येत नाही, आणि चांगला चालता फोन सुट्या भागांच्या ढिगात जातो.